गुळाच्या भावाचं मॉडेल आणि पीएच.डी.चं चौथं प्रकरण

फेब्रुवारी 2025 मध्ये माझा पीएच.डी.चा व्हायवा झाला. विषय होता कोल्हापूर आणि सांगली या दोन बाजारांतल्या गुळाच्या भावांचा संबंध. तेव्हापासून अर्थशास्त्रात संशोधन करणाऱ्या ओळखीच्या मुलींचा एकच प्रश्न असतो. मॅडम, बाकीचं जमेल, पण इकॉनॉमेट्रिक्सचं, म्हणजे आर्थिक आकड्यांना संख्याशास्त्र लावायचं, चौथं प्रकरण तुम्ही कसं पार पाडलं? त्यांची भीती मला नेमकी ठाऊक आहे. मी मराठी माध्यमातून बी.ए. केलेली, गणित दहावीनंतर सुटलेलं. म्हणून जे जसं घडलं तसं क्रमानं लिहिते आहे.

नोंदणी 2021 ची. कोर्सवर्कमध्ये रिग्रेशन (एक आकडा दुसऱ्याबरोबर किती बदलतो हे मोजायची पद्धत) शिकले, गृहीतकं पाठ केली, पेपर दिला. खरं काम सुरू झालं जून 2022 मध्ये, संशोधन सल्लागार समितीच्या बैठकीनंतर. मी भावांचे आलेख दाखवले. समितीतल्या एका सदस्यांनी शांतपणे विचारलं, "दोन्ही रेषा वर चालल्यात हे दिसतंय. तुम्ही तपासणार काय?" बाहेर आल्यावर आमच्या सरांनी, म्हणजे माझ्या मार्गदर्शकांनी, सांगितलं की आधी प्रश्न एका वाक्यात लिहून आणा, सॉफ्टवेअर नंतर उघडा. ते एक वाक्य लिहायला मला पावसाळ्यातले बरेच दिवस लागले. शेवटी असं झालं: दोन बाजारांतल्या भावांत फरक पडला, तर तो फरक मिटवायला कोणता बाजार हलतो आणि किती वेगानं? पुढं प्रत्येक टेस्ट निवडताना मी हे वाक्य समोर ठेवलं. तुम्हीही ठेवा. टेस्ट म्हणजे एका नेमक्या प्रश्नाचं उत्तर असतं, त्यामुळं प्रश्न धूसर असला की शंभर टेस्ट करूनही हातात काही येत नाही.

मग डेटा. केंद्र सरकारच्या ॲगमार्कनेट पोर्टलवर बाजारवार रोजची आवक, किमान भाव, कमाल भाव आणि मोडल भाव मिळतो, तोही फुकट. मोडल म्हणजे त्या दिवशी ज्या भावाला जास्तीत जास्त माल गेला तो. मी 2010 पासूनची मालिका घेतली. पण मधली मधली पानं गळालेली, काही ठिकाणी एक शून्य जास्त, काही ठिकाणी किमान भाव कमालपेक्षा वर. अशा नोंदी मूळ रजिस्टरशी ताडून बघाव्या लागतात. त्यासाठी विभागप्रमुखांच्या सहीचं, जावक क्रमांक असलेलं पत्र घेऊन जावं लागतं. पत्राच्या दोन प्रती न्या आणि दुसरीवर तारखेसह पोच घ्या. एका कार्यालयात माझ्या पत्राचं दोन महिने काहीच झालं नाही. मग माहिती अधिकारात अर्ज केला, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. कायद्यात 30 दिवसांची मुदत आहे, आणि त्या मुदतीत झेरॉक्स हातात आल्या, पानाला 2 रुपये दरानं. हे सगळं नोंदणी झाल्या झाल्या सुरू करा, कारण डेटाची वाट बघण्यात जाणारा वेळ नंतर भरून निघत नाही.

डेटा येईपर्यंत सरांनी मला एक प्रयोग करायला लावला आणि त्या प्रयोगानं माझी या विषयाकडं बघायची नजर बदलली. ग्रेंजर आणि न्यूबोल्ड या अर्थतज्ज्ञांनी 1974 मध्ये दाखवलेली गोष्ट स्वतःच्या हातानं करून बघायची. कॉम्प्युटरला सांगायचं, दोन मालिका तयार कर, प्रत्येकीत आजचा आकडा म्हणजे कालचा आकडा अधिक एक यादृच्छिक धक्का. दोघींचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही. मग एकीचं दुसरीवर रिग्रेशन करायचं आणि टी-व्हॅल्यू, म्हणजे दिसणारा संबंध योगायोगापलीकडचा आहे का हे सांगणारा आकडा, बघायची. हे हजार वेळा. संबंध नसताना टेस्टनं शंभरातून पाच वेळाच "संबंध आहे" म्हणायला हवं. 50 निरीक्षणांच्या मालिकांमध्ये ती चारपैकी साधारण तीन वेळा तसं म्हणते! रात्री अकराला स्क्रीनवर ते आकडे बघताना माझ्या पोटात गोळा आला, कारण समितीला दाखवलेले माझे दोन्ही आलेख असेच वर चढत जाणारे होते. रिग्रेशनचा आर-स्क्वेअर (मॉडेल डेटाला किती बसतं याचं माप) भरघोस आणि डर्बिन-वॉटसनचा आकडा (मॉडेलच्या लागोपाठच्या चुका एकमेकींशी जोडलेल्या आहेत का हे सांगणारा) शून्याकडं झुकलेला दिसला, की तिथं थांबायचं, हे तेव्हापासून अंगात मुरलं.

त्यामुळं पहिली पायरी युनिट रूटची. भावाला बसलेला धक्का कालांतरानं विरून जातो, की कायमचा मुक्काम ठोकतो, हे त्यात तपासतात. डिकी आणि फुलर यांची टेस्ट 1979 ची, आणि इथं नवख्या माणसाला अडवणाऱ्या दोन गोष्टी आहेत. पहिली, शून्य परिकल्पना, म्हणजे टेस्ट सुरुवातीला जे खरं धरून चालते ते विधान, "युनिट रूट आहे" अशी असते. म्हणजे धक्का कायम राहतो असं धरलेलं असतं; ती नाकारली तर मालिका स्थिर, धक्के विरून जाणारी. दुसरी, निकाल नेहमीच्या टी-टेबलवरून वाचायचा नसतो. माझ्या सांगलीच्या मालिकेत टेस्टचा आकडा उणे दोनच्या आसपास आला. नेहमीच्या टेबलात एका बाजूची 5 टक्क्यांची मर्यादा उणे 1.645 आहे, त्या हिशोबानं मालिका स्थिर ठरली असती. डिकी-फुलरच्या टेबलात स्थिरांक घेतला तर ती मर्यादा उणे 2.86 आहे आणि कलही घेतला तर उणे 3.41. त्या हिशोबानं युनिट रूट नाकारता येत नाही. एकाच आकड्याचे दोन उलटे अर्थ निघतात, म्हणून आपण कोणत्या टेबलात बघतोय हे प्रबंधात स्पष्ट लिहा.

लॅग, म्हणजे मॉडेलमध्ये घ्यायचे मागच्या काळातले आकडे, किती घ्यायचे हा पुढचा घोळ. जास्तीत जास्त किती लॅगपासून सुरुवात करायची यासाठी श्वर्टचा नियम आहे: निरीक्षणांची संख्या भागिले 100, त्याचं चौथं मूळ, गुणिले 12. निरीक्षणं 600 असतील तर 18 येतात. तिथून खाली अकाइके किंवा श्वार्झ निकषानं (मॉडेल किती बसतं आणि किती फुगतं याचा तोल बघणारे निकष) उतरायचं. मी नियम आधी वहीत लिहिला, तारीख टाकली आणि नंतर टेस्ट चालवली. मनासारखा निकाल येईपर्यंत लॅग बदलत राहायचा मोह फार मोठा असतो, आणि तो टाळायचा हाच एक उपाय मला सापडला.

सोबत केपीएसएस टेस्टही केली, 1992 ची. तिची शून्य परिकल्पना उलटी आहे, "मालिका स्थिर आहे" अशी. दोन्ही टेस्ट एकाच दिशेला बोट दाखवत असतील तर जीव शांत होतो. माझ्याकडं कोल्हापूरच्या मालिकेत त्या भांडल्या. डिकी-फुलर काठावर, केपीएसएस ठामपणे अस्थिर म्हणत होती. सर म्हणाले, "आता कॉम्प्युटर बंद करा आणि मार्केट यार्डात जाऊन या."

हा टप्पा मी जरा सविस्तर सांगते, कारण प्रबंधातली सगळ्यात मोलाची पानं त्यातून आली. 2023 चा जानेवारी, हंगाम भरात. शाहू मार्केट यार्डात सकाळी सौद्यांच्या वेळी गेलं की गुळाच्या रव्यांच्या (ढेपांच्या) थप्प्या, हमालांची धावपळ आणि सगळीकडं तो गोड, किंचित करपलेला वास. एका अडत्यांच्या पेढीवर मी माझा आलेख उलगडला. त्यांनी चष्मा लावला आणि बोट ठेवत गेले. "हे बघा, नोटाबंदी. आठ नोव्हेंबर. दिवाळी होऊन नुकता हंगाम लागलेला आणि रोकडच न्हाई. हमाली भागवायची कशानं?" मग 2019 च्या ऑगस्टवर मी स्वतः बोट ठेवलं, महापूर म्हणून. ते मान हलवत म्हणाले, "ताई, ऑगस्टात गूळ असतोय किती? पुरात ऊस कुजला, त्याचं नुकसान दिवाळीनंतर दिसणार. तुमची रेघ पुढं सरकवा की."

त्यांच्या शेजारी बसलेल्या हमाल मामांनी आणखी एक सांगितलं. आलेखात ज्या आठवड्यांत भाव हललाच नाही असं दिसत होतं, त्यांतले काही सौदे बंद असलेले आठवडे होते. म्हणजे भाव स्थिर नव्हता, भाव ठरलाच नव्हता. अशा जागी मागचा आकडा पुढं ओढला, तर खोटी स्थिरता तयार होते. मी ते आठवडे रिकामे ठेवले आणि प्रत्येकाचं कारण परिशिष्टात लिहिलं. शिवाय एक नंबर आणि तीन नंबरच्या गुळाच्या भावात बरंच अंतर असतं. एखाद्या आठवड्यात हलका माल जास्त आला तर मोडल भाव उतरतो, बाजार उतरलेला नसतानाही. पोर्टलच्या आकड्यात हे दिसत नाही, पेढीवरच्या पट्टीत, म्हणजे विक्रीच्या हिशोबाच्या कागदात, दिसतं.

या भेटींनंतर मी संभाव्य तुटींची, म्हणजे मालिकेची चाल अचानक बदलली असेल अशा जागांची, यादी केली: नोव्हेंबर 2016 ची नोटाबंदी, 2019 च्या पुरानंतरचा हंगाम, मार्च 2020 चा लॉकडाऊन, जेव्हा गुजरातकडं जाणाऱ्या मालाची वाट अडली, 2021 च्या पुरानंतरचा हंगाम, आणि 18 जुलै 2022 पासून पॅकबंद, लेबल लावलेल्या गुळावर आलेला 5 टक्के जीएसटी. आता टेस्टचा प्रश्न नेमका झाला. तुटीची तारीख आधीपासून माहीत असेल तर 1960 ची चाऊ टेस्ट चालते; त्या तारखेआधीचं आणि नंतरचं मॉडेल वेगळं आहे का, हे ती बघते. डेटा बघून तारीख शोधली आणि मग त्याच तारखेला चाऊ टेस्ट लावली तर निकालाला अर्थ उरत नाही, कारण सगळ्यात मोठी फट आपणच निवडलेली असते. पेरॉन यांनी 1989 मध्ये दाखवलं की मालिकेत तूट असेल आणि ती आपण मॉडेलमध्ये घेतली नाही, तर डिकी-फुलर टेस्ट युनिट रूट नाकारायला कचरते. तारीख टेस्टलाच शोधू द्यायची असेल तर 1992 ची झिवॉट-अँड्र्यूज टेस्ट आहे, तिच्या मर्यादा अधिक कडक. मी दोन्ही वाटांनी गेले. झिवॉट-अँड्र्यूजनं कोल्हापूरच्या मालिकेत जी तारीख काढली ती ऑगस्ट 2019 ची नव्हती, त्या वर्षीच्या दिवाळीनंतरची होती. आलेख घेऊन मी परत पेढीवर गेले. अडत्यांनी बघितलं, हसले आणि चहा मागवला. माझ्या आयुष्यातल्या फार सुखाच्या दिवसांपैकी तो एक आहे.

तूट धरूनही दोन्ही मालिकांत युनिट रूट नाकारता आला नाही, पहिला फरक घेतल्यावर, म्हणजे प्रत्येक आकड्यातून आधीचा आकडा वजा केल्यावर, मात्र दोन्ही स्थिर झाल्या. त्यामुळं कोइंटिग्रेशनकडं जायचा रस्ता मोकळा झाला. एंगल आणि ग्रेंजर यांचा 1987 चा लेख हा त्याचा पाया, आणि 2003 चं अर्थशास्त्राचं नोबेल या दोघांना मिळालं, एंगल यांना बदलत्या अस्थिरतेच्या कामासाठी आणि ग्रेंजर यांना कोइंटिग्रेशनसाठी. कल्पना आपल्याकडं सहज पटते. शिरोळ-हातकणंगले भागातला गुऱ्हाळवाला माल कोल्हापुरालाही नेऊ शकतो आणि सांगलीलाही. एकीकडं भाव फार चढला तर गाड्या तिकडं वळतात, आवक वाढते, भाव उतरतो. दोन्ही भाव एकेकटे कुठंही भटकले तरी त्यांच्यातलं अंतर कायम वाढत जात नाही. ते अंतर स्थिर आहे का, हे कोइंटिग्रेशनची टेस्ट विचारते.

इथं परत टेबल बदलतं. भावांचं रिग्रेशन करून उरलेल्या अवशेषांवर (खरा भाव आणि मॉडेलचा अंदाज यांतला फरक) युनिट रूट टेस्ट करायची, पण ते अवशेष आपणच अंदाजलेले असतात, आणि लघुतम वर्ग पद्धत त्यांना शक्य तितकं लहान करते. म्हणून दोन मालिकांसाठी 5 टक्क्यांची मर्यादा उणे 2.86 वरून उणे 3.34 च्या आसपास जाते. काही प्रबंधांत मला इथं साधं डिकी-फुलर टेबल वापरलेलं दिसलं, तेव्हा संदर्भ म्हणून जुना प्रबंध उघडलात तर हे जरूर तपासा. खात्रीसाठी योहान्सेन पद्धतही लावली. तिचा फायदा असा की कोणता भाव डावीकडं आणि कोणता उजवीकडं ठेवायचा हे आपल्याला ठरवावं लागत नाही.

दोन्ही पद्धतींनी कोइंटिग्रेशन निघालं. मग एरर करेक्शन मॉडेल, म्हणजे पडलेलं अंतर भाव कसं भरून काढतात हे मोजणारं. त्यातला समायोजनाचा सहगुणक म्हणजे माझ्या त्या एका वाक्यातल्या प्रश्नाचं उत्तर. सांगलीचा सहगुणक उणे आणि लक्षणीय (निव्वळ योगायोग म्हणता येणार नाही असा) होता, म्हणजे अंतर पडलं की सांगलीचा भाव त्या दिशेनं सरकतो. कोल्हापूरचा लक्षणीय नव्हता. पहिल्या मसुद्यात "कोल्हापूरचा भाव सांगलीला प्रतिसाद देत नाही" असं वाक्य होतं. सरांनी ते लाल शाईनं बदललं: "प्रतिसाद देतो असा पुरेसा पुरावा या डेटात मिळाला नाही." या दोन वाक्यांतला फरक मला आज या सगळ्या अभ्यासाचं सार वाटतो. शून्य परिकल्पना नाकारता न येणं म्हणजे ती सिद्ध होणं नव्हे.

2023 च्या पावसाळ्यात तपासण्या केल्या. मॉडेलमध्ये भावाचे स्वतःचेच लॅग असताना डर्बिन-वॉटसनचा आकडा दोनकडं झुकतो आणि खोटा दिलासा देतो, म्हणून त्याच कामासाठी ब्रॉइश-गॉडफ्रे टेस्ट घ्यायची. हंगामाच्या सुरुवातीच्या आठवड्यांत, दिवाळी पाडव्याच्या मुहूर्ताच्या सौद्यांनंतर, चढउतार मोठे असतात आणि पुढं शांत होतात. एंगल यांच्या 1982 च्या आर्च टेस्टमध्ये ते स्वच्छ दिसलं. त्यामुळं प्रमाणत्रुटी (अंदाज किती चुकू शकतो याची मापं) त्या चढउतारांना टिकतील अशा घेतल्या. या दोन्ही टेस्ट लॅग्रांज मल्टिप्लायर जातीच्या आहेत आणि त्या जातीचं मूळ संख्याशास्त्रज्ञ सी. आर. राव यांच्या 1948 च्या स्कोअर टेस्टमध्ये आहे. राव जन्मले हडगलीला, आपल्या शेजारच्या कर्नाटकात. 2023 च्या ऑगस्टमध्ये, मी हेच तक्ते भरत असताना, त्यांच्या निधनाची बातमी आली. वयाची 102 वर्षं पूर्ण केलेल्या माणसाचं विशीतलं काम कोल्हापूरच्या गुळाच्या आकड्यांवर आपण वापरतो आहोत, या विचारानं मला भरून आलं.

सॉफ्टवेअरबद्दल दोन शब्द. ग्रेटल आणि आर, दोन्ही फुकट आहेत. ग्रेटलमध्ये मेनूवरून काम होतं, सुरुवातीला ते बरं पडतं. झिवॉट-अँड्र्यूजसाठी मी आर वापरलं. मेनूवर क्लिक करून काम केलंत तरी आज्ञांची फाइल जपून ठेवा, तारीख घालून. वहीत केलेल्या सगळ्या टेस्टची यादी ठेवा, न जमलेल्याही. 5 टक्के पातळीवर, खरं काही नसताना, वीस टेस्टमागं सरासरी एक तरी "सापडलं" म्हणणारच. माझ्या परिशिष्टात सगळ्या टेस्ट आहेत आणि बाहेरच्या परीक्षकांनी त्याचाच उल्लेख आधी केला.

सादर करण्याचा भाग धकाधकीचा असला तरी सरळ आहे. सादरीकरणपूर्व सेमिनार, मग साधर्म्य अहवाल, म्हणजे प्रबंधातला मजकूर इतरांच्या लेखनाशी किती जुळतो त्याची तपासणी. यूजीसीच्या 2018 च्या नियमांनुसार 10 टक्क्यांपर्यंत साधर्म्याला दंड नाही. टेस्टची वर्णनं सगळ्या प्रबंधांत सारखीच असतात, म्हणून ती स्वतःच्या डेटाच्या संदर्भात लिहा, म्हणजे साधर्म्य आपोआप घटतं. टायपिंग मी स्वतः केलं. छपाई आणि कापडी बांधणीच्या प्रतींना राजारामपुरीत साधारण चार हजार गेले. रंगीत आलेखांची पानं महाग पडतात, म्हणून तुटक आणि सलग रेषांचे काळे-पांढरे आलेख काढा. प्रबंध 2024 च्या उन्हाळ्यात दिला, परीक्षकांचे अहवाल यायला दिवाळी उलटली. त्या महिन्यांत काहीच हातात नसतं. मी कॉलेजच्या तासांत मन गुंतवलं आणि रोज एक टेस्ट कागदावर, न बघता, शून्य परिकल्पनेसकट लिहून काढायची सवय लावली. व्हायवाची तयारी त्यातच झाली.

व्हायवा खुला होता, अडत्येही येऊन मागं बसले होते. परीक्षकांनी टेबलं, लॅग, तुटी सगळं विचारलं, आणि शेवटी एक प्रश्न टाकला. "दोन बाजारांतला फरक गाडीभाड्यापेक्षा कमी असेल तर कुणी माल का वळवेल? तुमचं मॉडेल तर छोट्या फरकालाही तोच वेग देतंय." मी सांगितलं की मर्यादांच्या भागात हे नोंदवलं आहे, आणि 1997 मध्ये बाल्के आणि फोंबी यांनी मांडलेलं उंबरठ्याचं कोइंटिग्रेशन हा त्यावरचा मार्ग आहे. ठरावीक अंतरापर्यंत भाव मोकळे, ते ओलांडलं की खेच सुरू. त्यांनी मान डोलावली आणि म्हणाले, "मग करा."

सध्या तेच चाललं आहे. त्यासाठी कोल्हापूर-सांगली गूळवाहतुकीचं गेल्या काही वर्षांचं भाडं लागेल, हमाली आणि तोलाईसकट. टेम्पोवाले तोंडी सांगतात, पावत्या थोड्यांकडंच असतात, आणि डिझेलच्या दरावरून मागचं भाडं काढायचं म्हटलं तर परतीचा माल मिळतो की नाही यावर सगळं अवलंबून. येत्या हंगामात पहाटेच यार्डात जाऊन गाड्या उतरायच्या वेळी थेट विचारायचं ठरवलं आहे.